पेडल कुठं लागतं?

सकाळी ६:३०

शटर वर सरकवलं की सगळ्यात आधी लसूण आत येतो. गिलरॉय हे कॅलिफोर्नियातलं लसणाचं गाव, सॅन होजेच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर. सप्टेंबरात इथल्या कारखान्यांत लसूण वाळवायचं काम जोरात असतं आणि पहाटेच्या गारव्यात तो वास रस्त्यालगत साचून राहतो. इथे येऊन एकवीस वर्षं झाली, तरी रोज पहिली दहा मिनिटं मला आईच्या चुलीपाशी उभं असल्यासारखं वाटतं. मग कॉम्प्रेसर धडधडायला लागतो.

वहीत आज एकच गाडी आहे. २०१३ ची सुबारू बीआरझेड, पुढचे ब्रेक बदलायचे. दुसरं काम मुद्दाम घेतलं नाही. ब्रेक उघडा असताना मधेच फोन आला, कुणी 'जरा आवाज ऐका ना' म्हणत दुसरी गाडी घेऊन आलं, की हात कुठे थांबला होता ते विसरायला होतं. आणि ब्रेकमध्ये विसरलेली गोष्ट उतारावर आठवते.

काल आलेली खोकी गाडी यायच्या आत उघडली. प्रत्येक वस्तू कागदाशी ताडून बघायची, ही माझी रीत. दोन कॅलिपर, दोन डिस्क, दोन ब्रॅकेट, पोलादी जाळीच्या दोन नळ्या, चार पॅड, तांब्याचे वॉशर, कागदासारखे पातळ शिम. नवी डिस्क ३२८ मिलिमीटर व्यासाची, २८ जाड. गाडीसोबत कंपनीतून आलेली पुढची डिस्क २९४ ची आणि २४ जाड. आकड्यात फरक एवढासा वाटतो. हातात घेतली की कळतं.

डिस्क म्हणजे दोन लोखंडी चकत्या आणि त्यांच्यामध्ये पाती. चाक फिरलं की ही पाती मधून हवा ओढतात आणि कडेने बाहेर फेकतात. या डिस्कची पाती वळलेली आहेत, म्हणून डावी डावीकडेच आणि उजवी उजवीकडेच बसवायची. आतून बाहेर जाताना पातं फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेलं हवं. पृष्ठभागावरच्या खाचांवरून दिशा ठरवणारे पुष्कळ जण इथे चुकतात. डिस्क उलटी बसली तरी गाडी थांबते, कुणाला काही कळत नाही, फक्त हवा नीट खेळत नाही आणि ज्या कामासाठी एवढा पैसा घातला तेच काम अर्धवट राहतं. मी कडेतून टॉर्च मारून पाती बघितली आणि खडूने 'डा' आणि 'उ' लिहिलं. गॅरेजमधला माझा जोडीदार मूळचा मेक्सिकोतल्या मिचोआकानचा. बारा वर्षं माझ्याबरोबर आहे. ही दोन देवनागरी अक्षरं त्याला वाचता येतात.

सकाळी ७:४५

गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. बॉक्सर इंजिनची ती घरघर लपत नाही. मालकीण नाशिकची, तिशी नुकतीच ओलांडलेली, सनीवेलला सॉफ्टवेअरमध्ये. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी माझा नंबर दिला होता, तेव्हापासून गाडी माझ्याकडे येते. आज तिने रजा टाकलीय.

"काका, मोदक आणलेत. सकाळी वाफवले, अजून गरम असतील."

"आधी किल्ली दे. मोदक दुपारी."

ही मुलगी फेब्रुवारीत पहिल्यांदा म्हणाली होती की मोठे ब्रेक बसवायचेत. तेव्हा मी नाही म्हटलं. गिऱ्हाईक दोन हजार डॉलरच्या वरचं काम घेऊन दारात येतं आणि आपण नाही म्हणतो, हे जोडीदाराला तेव्हा पटलं नव्हतं. पण तिची समजूत अशी होती की मोठा ब्रेक म्हणजे गाडी लवकर थांबणार. ही समजूत फार पसरलेली आहे आणि माझ्या मते धोक्याची आहे. गाडीला थांबवतो तो टायर. ब्रेक फक्त चाकाला अडवतो. कंपनीचा ब्रेकसुद्धा एका दाबात चाक जाम करण्याएवढा ताकदवान असतो, म्हणून तर एबीएस मधे पडतं. एकदा टायरची पकड संपली की त्याच्या मागे थाळीएवढी डिस्क लावा नाहीतर परातीएवढी, गाडी तेवढ्याच अंतरात थांबणार. म्हणून तेव्हा मी तिला चांगले टायर घ्यायला लावले, ट्रॅकवर चालतील असे पॅड बसवले आणि ताजं ब्रेक ऑईल भरलं. सगळं मिळून किटच्या निम्म्याहून कमी पैशांत झालं. म्हटलं, या गाडीवर आधी शिक.

ती शिकली. शिकली म्हणूनच आता नवं दुखणं आलं. ती गाडी पळवते ते लागुना सेका इथून तासाभराच्या आत, मॉन्टेरे आणि सॅलिनास यांच्या मधल्या टेकड्यांत. १९५७ पासूनचा ट्रॅक, एक फेरी ३.६ किलोमीटरची, अकरा वळणं. त्यातलं आठवं, कॉर्कस्क्रू, जगात प्रसिद्ध आहे, कारण तिथे रस्ता डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळताना १८ मीटर खाली कोसळतो. बघायला गर्दी तिथे असते. ब्रेकची परीक्षा मात्र दुसऱ्या वळणावर होते. सरळ रस्ता, त्यावरचा उंचवटा, आणि पलीकडे उतरता उतरता ताशी १८० वरून एकदम ८० च्या खाली यायचं.

गाडी आणि माणूस मिळून साधारण १,३५० किलो. ताशी १८० वरून ८० वर येताना जेवढी ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते, तेवढ्यात चार लिटर नळाचं पाणी उकळतं. गॅसवर नाही, तीन-चार सेकंदांत. वजन पुढे झुकत असल्यामुळे त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. एका डिस्कचं तापमान एका दाबात दीडशे अंशांच्या आसपास चढतं. ते उतरायच्या आत पुढचं वळण येतं. वीस मिनिटांचं एक सत्र, त्यात दहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत असे चार-पाच दाब.

जुलैमध्ये मी तिच्या डिस्कच्या कडेला तापमान दाखवणाऱ्या रंगाचे तीन ठिपके दिले होते. हिरवा ४३० अंशांना रंग बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. परत आली तेव्हा तिन्ही बदललेले. पॅड दोन दिवसांत संपलेले आणि तेही तिरके, एका टोकाला जाड, दुसऱ्याला पत्रा. दुपारच्या शेवटच्या सत्रात तिचं पेडल मऊ पडलं होतं. हे सगळं समोर ठेवून मी स्वतः तिला म्हटलं, की आता मोठे ब्रेक घे.

सकाळी ८:३०

पहिला खोळंबा. कॅलिपर चाकाच्या आत मावतो का हे बघायला कॅलिपरच्या आकाराचा पुठ्ठा कापायचा, हबच्या मध्यावर धरायचा आणि चाकाच्या आतून फिरवायचा. किट मागवायच्या आधीच मी हे तिच्या दोन्ही जोड्यांवर केलं होतं. आज ती तिसऱ्याच चाकांवर आलीय. रोजच्या जोडीतलं एक चाक खड्ड्यात वाकलं, म्हणून गेल्या आठवड्यात वापरलेली दुसरी चाकं घेतली आणि मला सांगायचं राहून गेलं. पुठ्ठा फिरवला. रिमच्या घेरात जागा आहे, पण चाकाच्या आऱ्या आतल्या बाजूला फुगीर आहेत. कॅलिपरचा चेहरा त्यांना घासणार. निदान दोन-तीन मिलिमीटर मोकळे हवेत, कारण गरम झालेला कॅलिपर आणि वळणात वाकणारं चाक दोघंही थोडी थोडी जागा खातात.

"स्पेसर टाकला तर?" तिने विचारलं.

"टाकता येतो. पण मग नट स्टडवर कमी आटे धरतो. त्यासाठी लांब स्टड ठोकायचे. ते घाईत करायचं काम नाही गं."

तिची ट्रॅकची चाकं सनीवेलला, तिच्या घरी. ती आणि जोडीदार पिकअप घेऊन निघाले. मला राग नाही आला. पुठ्ठ्याने सकाळी सांगितलं ते संध्याकाळी चाकाने सांगितलं असतं, तर आला असता.

सकाळी ९:१५

गाडी लिफ्टवर. मी एकटा, आणि हे काम मला एकट्याने करायलाच आवडतं.

नळी सोडायच्या आधी एक जुनी युक्ती. सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून पेडल थोडं दाबून ठेवायचं. त्याने मास्टर सिलिंडरमधली वाट बंद होते आणि वरच्या डबीतलं ऑईल खाली गळत राहत नाही. डबी रिकामी झाली आणि हवा एबीएसच्या पंपात शिरली की ती काढताना रडकुंडीला येतो माणूस. ही काठीची युक्ती मला आप्पांनी दाखवली. आप्पा म्हणजे माझे वडील, एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये होते. रविवारी अंगणात शेजाऱ्यांच्या फियाट आणि जीप दुरुस्त करायचे. काठी उसाची असायची. इथे मी झाडूचा दांडा वापरतो.

जुने कॅलिपर निघाले. डिस्क हबला गंजाने चिकटून बसलेली. हातोडी मारायची नाही. डिस्कवर दोन आटेदार भोकं कंपनीनेच ठेवलेली असतात, त्यात आठचे बोल्ट पिळले की ती आपोआप वर उचलली जाते. किती तरी जण ही भोकं न बघता घण घालतात आणि बेअरिंगला मार बसतो.

मग हब घासायला घेतला. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पुन्हा ब्रश. यात मी पाऊण तास घालवला. किटच्या कागदावर यासाठी एकच ओळ असते, 'हब स्वच्छ करा'. पण गंजाचा एक पापुद्रा डिस्कखाली राहिला की डिस्क केसभर तिरकी बसते, आणि हबपाशी केसभर असलेलं डिस्कच्या कडेला दुप्पट-तिप्पट होतं. मोठी डिस्क लावताना तर जास्तच. बोट फिरवलं, कुठे अडत नाही असं वाटल्यावर थांबलो.

सकाळी ११:४०

चाकं आली. पुठ्ठा फिरवला, पाच मिलिमीटर मोकळे. तिने सुस्कारा सोडला.

दुपारी १२:१५

जेवण. जोडीदाराचे टाको, तिचे मोदक. त्याने मोदक हिरव्या मिरचीच्या साल्सात बुडवून खाल्ला आणि फार मन लावून खाल्ला. कोण काय कशाशी खातो यात मी पडत नाही.

तिने विचारलं, "काका, सहा पिस्टनचे का नाही घेतले? माझ्या टीममधल्या एकाकडे आहेत."

त्याचं उत्तर द्यायला मी पोळी बाजूला ठेवली, कारण प्रश्न महत्त्वाचा होता. पिस्टनची संख्या हे दाखवायचं काम झालं. बघायचं असतं ते पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधलं वाटप. डिस्कचा व्यास वाढला की तेवढ्याच दाबात पुढची चाकं जास्त जोराने अडतात. त्यात पिस्टनही मोठे घेतले तर पुढची चाकं लगेच जाम होतात आणि मागची नुसती फिरत राहतात. मागच्या टायरची पकड वापरलीच जात नाही. म्हणजे पैसा घालून थांबण्याचं अंतर वाढवून घ्यायचं. चांगलं किट तयार करणारा माणूस व्यास वाढवताना पिस्टनचं क्षेत्रफळ मोजूनमापून कमी करतो, म्हणजे वाटप कंपनीने ठरवलं त्याच्या जवळ राहतं. या चार पिस्टनमध्येही दोन लहान आहेत आणि दोन मोठे. फिरती डिस्क ज्या बाजूने पॅडखाली शिरते तिथे लहान, जिथून बाहेर पडते तिथे मोठा. पॅड तिरका झिजतो तो याच्यामुळे आवरतो. तिच्या जुन्या पॅडचं दुखणं तेच होतं. जुना कॅलिपर एका बाजूने दाबतो आणि पिनांवर सरकत दुसरी बाजू ओढून घेतो. नवा दोन्हीकडून दाबतो, स्वतः हलत नाही.

पुण्याहून माझा भाचा दर दिवाळीला फोनवर सांगतो, मामा, लाल कॅलिपर पाठव. त्याला मी हेच सांगत आलोय. रंग सोड, तुझ्या गाडीच्या पॅडचा आणि ऑईलचा हिशेब सांग. खंबाटकी उतरताना उपयोग त्यांचाच आहे. आणि आप्पांचं एक वाक्य त्याला पाठ करायला लावलंय, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर.

दुपारी १:००

जुळणी. डिस्कमागचा पातळ पत्रा नव्या व्यासाला आडवा येत होता, तो कात्रीने कापून कडा घासून काढल्या. डिस्क चढवली, नटांनी हबला घट्ट धरली आणि डायल गेज लावून हाताने हळूहळू फिरवली. डावीकडे काटा दोन शतांश मिलिमीटर हलला. उजवीकडे सहा. पाचाच्या वर मी सोडत नाही. डिस्क काढली, एक भोक पुढे फिरवून पुन्हा बसवली. तीन. असं होतं कधी कधी. हबचा तिरकेपणा आणि डिस्कचा तिरकेपणा एकमेकांत भर घालतात किंवा एकमेकांना खाऊन टाकतात, आणि कोणत्या भोकाला काय होईल हे फिरवून बघितल्याशिवाय समजत नाही.

मग ब्रॅकेट, आणि ब्रॅकेटवर कॅलिपर. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर हवा. दोन्ही बाजूंची फट मोजायची आणि ज्या बाजूला कमी असेल तिथे शिम घालून तो सरकवायचा. मोज, काढ, शिम घाल, बसव, मोज. डावीकडे दोनदा, उजवीकडे चारदा. बाहेर कुणी बघत असतं तर त्याला वाटलं असतं की हा माणूस एकच बोल्ट दिवसभर काढतोय आणि लावतोय. शेवटी बोल्टांना निळा लॉक, टॉर्क पाना किटच्या आकड्यावर, 'टक्' आवाज, आणि बोल्टाच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ. बोल्ट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसेल.

हवा काढायची तोटी वरच्या टोकाला आहे ना, हे शेवटी बघायचं. कॅलिपर डावे-उजवे बदलले की तोटी खाली जाते. हवा वर साठते, खालून निघत नाही, आणि माणूस तासन्‌तास पेडल मारत बसतो. खडूची अक्षरं जागेवर होती. तोट्या वर.

दुपारी २:४५

ब्लीडिंगला मशीन मिळतं, माझ्याकडे आहेही. तरी शेवटचा हात मी माणसाच्या पायानेच घेतो, कारण मशीनला पेडल मऊ लागलं की कडक हे सांगता येत नाही.

ब्रेक ऑईल दाबलं तर दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दबते. ऑईल उकळलं आणि नळीत बुडबुडा झाला की पाय बुडबुडा दाबत बसतो आणि कॅलिपरपर्यंत काही जातच नाही. साध्या डॉट ४ ऑईलला ताजेपणी निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं बंधन आहे. पण ते हवेतला ओलावा पिऊन घेतं, आणि ठरावीक ओलावा मुरल्यावर हेच बंधन १५५ वर येतं. जुलैमधलं तिचं मऊ पेडल हेच होतं. आज भरतोय ते शर्यतीचं आहे, ताजं असताना ३०० च्या वर टिकणारं. महाग आहे, आणि ते दर वर्षी बदलावं लागणार हे मी तिला आधीच सांगितलंय.

जोडीदार फोनवर होता. ती म्हणाली, मी बसते. बसली ड्रायव्हरच्या जागी, बूट काढून.

"मी 'मार' म्हटलं की तीन वेळा मारायचं. 'धर' म्हटलं की दाबून धरायचं आणि मी 'सोड' म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही. काही झालं तरी."

"हो."

"मार."

"मार, मार, मार."

"धर!"

तोटी उघडली. पारदर्शक नळीतून फेस आला, मग बुडबुडे, मग ऑईल. तोटी बंद. "सोड." या कॅलिपरला दोन दोन तोट्या, आधी बाहेरची, मग आतली. लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे. "मार... धर... सोड." एवढ्या वर्षांत या गॅरेजमध्ये हे शब्द पहिल्यांदा मराठीत म्हटले गेले. जोडीदाराशी मी ते स्पॅनिशमध्ये म्हणतो, त्याआधीच्या मालकाकडे इंग्रजीत म्हणायचो. गाडीखालून मला तिचा फक्त आवाज येत होता आणि मी नऊ वर्षांचा होऊन फियाटच्या पेडलवर दोन्ही पायांनी उभा होतो, स्टिअरिंगला लटकून, आणि अंगणातून आप्पांचा आवाज येत होता, धर, धर, सोडशील तर बघ. माझे डोळे भरले. तोटी मात्र वेळेवर बंद केली.

"काका, वर आलं पेडल. दगडासारखं."

दुपारी ४:००

नव्या ब्रेकवर गाडी जागेवरून हलवायच्या आधी मी एक तपासणी करतो. सगळे जोड पुसून कोरडे करायचे, प्रत्येकाभोवती पांढरा कागदी रुमाल गुंडाळायचा, मग कुणालातरी पेडलवर पूर्ण जोर देऊन मिनिटभर उभं राहायला सांगायचं. हे पाच वेळा.

तीन रुमाल कोरडे निघाले. डावीकडच्या नळीच्या टोकाशी, कॅलिपरला जोडते तिथे, मोहरीएवढा डाग.

मोहरीएवढाच. त्या ठिकाणी तांब्याचे दोन वॉशर असतात, बोल्ट घट्ट झाला की ते चेपून जोड बंद करतात. बोल्ट थोडा आणखी पिळला असता तर गळती आज थांबली असती. उद्या, परवा, सहाशे अंशांच्या शेजारी, सांगता येत नाही. शिवाय जास्त पिळला तर पोकळ बोल्ट तुटतो. मी सोडलं. वॉशरवर बारीक ओरखडा होता, नखाला लागेल न लागेल एवढा. सकाळी वस्तू मोजताना मी वॉशर मोजले होते, उलटून बघितले नव्हते. चूक माझी. माझ्या डबीतून नवे दोन काढले, दोन्ही बाजू उजेडात बघितल्या, जोड पुन्हा बांधला, त्या बाजूची हवा पुन्हा काढली. मार, धर, सोड. नवे रुमाल. पुन्हा पाच वेळा.

ती बाजूला उभी राहून सगळं बघत होती. "हे दिसलं नसतं तर?" तिने विचारलं. मी तिला खरं ते सांगितलं, की पेडल आधी हळूहळू खाली गेलं असतं आणि डबीतलं ऑईल उतरलं असतं. कुठल्या वळणावर ते कळलं असतं हे कुणाला माहीत.

रुमाल कोरडे. चाकं चढवली, नट चांदणीच्या क्रमाने, १२० न्यूटन मीटरवर.

संध्याकाळी ५:३०

पॅड आणि डिस्क एकमेकांना ओळखेपर्यंत ब्रेक पुरा लागत नाही. पॅडच्या पदार्थाचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसवायचा असतो, आणि तो बसतो उष्णतेने. आम्ही होलिस्टरवरून २५ नंबरच्या रस्त्याला लागलो, पैसिनेसच्या पुढे. दोन्ही बाजूंना वाळलेलं सोनेरी गवत, मधे ओक, मैल मैल गाडी नाही. मर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर. तेवढा वेग पुरतो.

मी चालवत होतो, ती शेजारी. मागे कुणी नाही बघून ८८ वरून पंधरापर्यंत जोरात, पण चाक जाम न करता. पूर्ण थांबायचं नाही. लगेच पुन्हा वेग, पुन्हा दाब. पूर्ण थांबलं की तापलेला पॅड एका जागी डिस्कवर दाबला जातो आणि त्या जागी जाड ठसा उमटतो. मग स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. कॅरोल स्मिथ, ज्यांनी शेल्बीच्या फोर्ड जीटी४० गाड्या शर्यतीत उतरवल्या, त्यांनी यावर सविस्तर लिहून ठेवलंय: वाकलेली म्हणून काढून टाकलेली डिस्क बहुधा वाकलेली नसते, तिच्यावर थर असमान बसलेला असतो. असमान थराखाली लोखंड जास्त तापतं, तिथे त्याची जात बदलून ते टणक होतं आणि मग कितीही घासा, थरथर परत येते. म्हणून ही वीस मिनिटं फार मोलाची आहेत. मी तेवढ्यात बोलत नाही आणि कुणाला बोलूही देत नाही.

पाचव्या दाबाला जळक्या राळेचा वास आला. सातव्याला पेडल जरा मऊ वाटलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली. आठव्याला ते परत आलं, आणि दहाव्याला नुसता अंगठा ठेवल्यासारखा पाय ठेवला तर गाडी नाकावर बसली. मग ब्रेकला न शिवता पंधरा मिनिटं नुसतं चालवत राहायचं, वाऱ्याने डिस्क निवेपर्यंत. तेव्हा कुठे मी बोललो.

"आता तू घे."

तिने घेतली. दोन वळणं गेली, मग एक लांब उतार. तिने ब्रेक दाबला आणि काही म्हणाली नाही. पुढच्या वळणाला पुन्हा दाबला. मग म्हणाली, "काका, जेवढं मागते तेवढंच देतोय."

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी ७:१५

गॅरेजमध्ये परत. डिस्क निवल्यावर बघितल्या, राखाडी निळसर थर, कुठे ठसा नाही. पिवळ्या रेघा अखंड. नट पुन्हा १२० वर तपासले, एकही हलला नाही. जोडांना पुन्हा रुमाल, कोरडे. डबीतलं ऑईल सकाळच्या खुणेवर. शेवटी नव्या डिस्कच्या कडेला तीन ठिपके दिले, हिरवा, नारिंगी, लाल. या वेळी लाल तसाच राहील असा माझा अंदाज आहे. नारिंगीचं सांगत नाही.

ट्रॅकच्या आयोजकांचा तपासणीचा अर्ज तिने पुढे केला. ब्रेक पॅड, ब्रेक ऑईल, नट, बेअरिंग, एकेका ओळीपुढे खूण आणि खाली मेकॅनिकची सही. मी प्रत्येक ओळ वाचली, ज्या गोष्टी आज बघितल्या नव्हत्या त्या टॉर्च घेऊन पुन्हा बघितल्या, मागचे पॅडसुद्धा मोजले. मग सही केली. उद्या शंभर किलोमीटर रोजच्यासारखी चालव, शनिवारी सकाळी निघायच्या आधी नट पुन्हा तपास, पहिल्या दोन फेऱ्या हळू. तिने फोनमध्ये लिहून घेतलं आणि वाकून नमस्कार केला. नको म्हणेपर्यंत केलाही.

रात्री ८:००

पुण्यात शुक्रवार सकाळचे साडेआठ. आप्पा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. या वेळी चहा झालेला असतो, पेपर हातात असतो.

"आज काय काम?"

"ब्रेक, आप्पा. छोटी शर्यतीसारखी गाडी. पुढच्या डिस्क मोठ्या केल्या."

"किती मोठ्या?"

"२९४ होत्या, ३२८ लावल्या."

पलीकडे शांतता. ते मनात हातांनी माप धरत असणार. एसटीच्या ड्रममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हे खेळणं वाटत असेल, पण तसं ते कधी म्हणत नाहीत.

"हवा काढली नीट?"

"काढली. एक जोड गळत होता, वॉशर बदलला."

"रुमाल लावलास?"

"लावला."

"पेडल कुठं लागतं?"

"वरच. बोटभर खाली गेलं की लागतं."

"इंजिन चालू ठेवून?"

"इंजिन चालू ठेवून."

"बरं," ते म्हणाले, "जेव आता."